पाच ‘एआय डॉक्टर’ मिळून निदान करतात तेव्हा

मोबाइलवरच्या चॅटबॉटला रिपोर्ट दाखवून मग दवाखान्यात येणारे रुग्ण आता बरेच असतात. त्यात वावगे काही नाही. पण अनेक एआय एकत्र बसवले तर निदान डॉक्टरांपेक्षा अचूक होते, हे कितपत खरे?

या रचनेला बहु-एजंट प्रणाली म्हणतात. एजंट म्हणजे ठराविक काम नेमून दिलेला एआय. मायक्रोसॉफ्टने जून २०२५ मध्ये मांडलेल्या अशा एका प्रणालीत पाच भूमिका आहेत. पहिला संभाव्य आजारांची यादी करतो आणि नवी माहिती आली की ती बदलतो. दुसरा पुढची तपासणी निवडतो. तिसऱ्याने शंकाच काढायच्या: हे निदान चुकीचे असेल तर? चौथा खर्चावर लक्ष ठेवतो, पाचवा सगळे नीट जुळते का ते पाहतो.

मला तिसरा सर्वांत मोलाचा वाटतो. ‘ॲसिडिटीच आहे’ असे एकदा डोक्यात बसले की छातीतल्या जळजळीमागे हृदयविकार असू शकतो, हे सुटून जाते.

न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधील ३०४ अवघड केसेसमध्ये या प्रणालीची सुमारे ८५ टक्के निदाने बरोबर आली. त्यांपैकी काही केसेस अमेरिका व ब्रिटनमधील २१ डॉक्टरांनाही दिल्या होत्या. त्यांची सरासरी २० टक्के. लगेच घरच्या डॉक्टरांकडे संशयाने पाहू नका! त्या डॉक्टरांना पुस्तक उघडायची किंवा सहकाऱ्याला विचारायची मुभा नव्हती. शिवाय या केसेस निवडक, गुंतागुंतीच्या. आपल्याकडे येणारा ताप बहुतेक वेळा साधा विषाणूजन्य असतो आणि तिथे कुणाला तपासण्यांशिवाय घरी पाठवता येईल, हे ओळखावे लागते.

आणखी एक गोष्ट. पाचही भूमिका एकच एआय मॉडेल वठवते, म्हणून त्यांचे एकमत म्हणजे पाच वेगळ्या डॉक्टरांचे मत नव्हे. समजा क्रिएटिनिन वाढले आहे आणि गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेली गोळी किंवा कुणी दिलेले चूर्ण सांगायचे राहिले. मग पाचही जण कारण भलतीकडेच शोधतात. पोट दाबून पाहणारा तर त्यांच्यात कुणीच नाही.

तुमच्या मोबाइलमधला चॅटबॉट म्हणजे ही प्रणाली नव्हे. ती संशोधनाच्या टप्प्यावर मांडली गेली. तरी चॅटबॉटला विचारायचेच असेल, तर चालू असलेली सगळी औषधे, जुने आजार आणि त्रास कधीपासून आहे हे आधी लिहा. मग विचारा: ‘याशिवाय आणखी काय असू शकते? कोणती लक्षणे दिसली तर थांबू नये?’ उत्तर डॉक्टरांना दाखवा. स्वतःहून औषध सुरू किंवा बंद करू नका. हेच दोन प्रश्न डॉक्टरांनाही जरूर विचारा, आम्हाला राग येत नाही.

छातीत दडपण, अचानक धाप, तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे यांपैकी काही झाले तर मात्र टाइप करत बसू नका. १०८ ला फोन करा.