मोत्या आणि माझे गुडघे

मैत्रिणींनो, माझं वय 68. 'हे' गेले आणि त्यांचा मोत्या माझ्या गळ्यात पडला. चार वर्षांचा, चांगला दांडगट. सायकल दिसली की असा हिसका द्यायचा, की एकदा मी रस्त्यातच आडवी झाले. मनगट सुजलं. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, देऊन टाक कुणाला तरी." रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

गुरांच्या डॉक्टरांनी आधी त्याला तपासलं. दुखत असलं तरी कुत्रं चिडतं म्हणे. मग म्हणाले, "आजी, मारू नका. मारानं भीती वाढते, भ्यालेलं कुत्रं जास्त अंगावर जातं." गळपट्ट्याऐवजी पुढे कडी असलेला छातीचा पट्टा आणला. त्यानं ओढलं की मी जागीच उभी. साखळी सैल झाली की पुढचं पाऊल. सायकल लांब असतानाच उकडलेल्या अंड्याचा तुकडा. साखळी मनगटाला गुंडाळायची नाही, हेही शिकले.

तीन महिने लागले. अजून सायकल दिसली की कान टवकारतो, पण आधी माझ्याकडे बघतो. गुडघे कुरकुरले की शेजारचा कॉलेजातला मुलगा त्याला फिरवून आणतो. मदत मागायला लाज कसली?

मुलाला कळवलंय, मोत्या कुठं जात नाही!