मुकुटाखालचा नांगर

वाडा बिल्डरला द्यायचं ठरलं आणि आमच्या कसब्यातल्या घरी आवराआवरीला सुरुवात झाली. माळ्यावरून सासूबाईंच्या वडिलांची पत्र्याची ट्रंक खाली आली. त्या एकुलत्या एक, त्यामुळे वडील शेवटची वर्षं इथंच राहिले होते. ट्रंकेत धोतरजोडी, एक अडकित्ता, जुन्या बाजारात मिळतात तशी दोन-चार पितळी बटणं आणि रुमालात गुंडाळलेला कापडी बिल्ला. काळ्या कापडावर लाल धाग्यानं विणलेला नांगर, वर मुकुट.

"नांगर? पणजोबा शेतकरी होते?" माझ्या लेकीनं विचारलं. जहाजाच्या नांगराला दोर गुंडाळलेला होता, तो तिला औताचा वाटला!

घरात सांगितलं जायचं ते असं : आजोबा नेव्हीत साहेब होते. माझ्या दिरांनी लगेच फ्रेम करायचं ठरवलं. खाली सोनेरी अक्षरात "नौदल अधिकारी". मी म्हटलं, भावजी, जरा थांबा. बी.ए.ला इतिहास घेतला होता, तेवढी खोड राहिली आहे.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त नौसैनिक आहेत. त्यांनी बिल्ला उजेडात धरला आणि मला तो वाचायला शिकवला. आधी मुकुट बघायचा. १९३४ साली आपलं नौदल 'रॉयल इंडियन नेव्ही' झालं. २६ जानेवारी १९५० ला त्यातलं 'रॉयल' गेलं आणि मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. म्हणजे आपल्या नौदलाचा मुकुटवाला बिल्ला त्याआधीचा. मुकुटाच्या कमानी गोल फुगीर असतील तर तो राजाच्या काळातला. मध्ये खोलगट असतील तर १९५३ नंतरचा, राणी एलिझाबेथच्या काळातला. तो आपला नव्हे, ब्रिटनचा.

मग नांगराभोवती काय आहे ते बघायचं. त्या काळच्या अधिकाऱ्याच्या टोपीवर रुपेरी नांगर आणि दोन्ही बाजूंनी सोनेरी पानांची वेल. पेटी ऑफिसरच्या नांगराभोवती दोराचं कडं. साध्या खलाशाला बिल्लाच नाही, टोपीला नाव लिहिलेली काळी फीत. आणि भोवती काहीच नसलेला, लाल धाग्याचा नांगर? तो कारकून, भांडारातली माणसं, आचारी, वाढपी अशांचा.

नांगर दिसला की नौदल, असंही नाही बरं का. व्यापारी जहाजं, बंदर खातं, एन.सी.सी.ची नौदल शाखा, सगळ्यांकडे नांगर. नौदलाच्या नव्या ध्वजावरही तो आहे. २ सप्टेंबर २०२२ ला कोचीला आलेल्या या ध्वजावर शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी चौकट आहे आणि तिच्यात नांगर, सिंहांसह.

खरा-खोटा ओळखायला मात्र मी बायकांच्या वाटेनं गेले. आमच्या बचत गटातल्या भरतकाम करणाऱ्या मैत्रिणीनं बिल्ला उलटा केला. "ताई, पुढून सगळेच छान दिसतात. मागं बघा, टाके हातचे आहेत." पितळी बटणं तांबट आळीत नेली. आयुष्यभर भांडी मठारलेले काका म्हणाले, साच्यावर दाबून काढलेल्या कामाच्या रेघा तीक्ष्ण येतात, ओतीव नकलेच्या बोथट आणि अंगावर बारीक खड्डे. आमची बटणं खरी निघाली.

बिल्लाही खरा होता. साहेब मात्र नव्हते.

हे सांगायचं कसं, या काळजीत दोन दिवस गेले. ब्याऐंशीव्या वर्षी कुणाच्या वडिलांचा साहेबपणा काढून घ्यायचा का? शेवटी भाजी निवडता निवडता मी विषय काढला. सासूबाईंनी मान वर केली नाही.

"मला ठाऊक होतं. बाबा स्वैपाकी होते. आई म्हणायची, सासरी बोलू नकोस, बाप जहाजावर भाकऱ्या बडवायचा म्हणून. मग साठ वर्षं साहेबच सांगत आले."

मी गप्प. थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "इथल्या मुंजीला त्यांनी शंभर पानांची आमटी एकट्यानं केली होती. मीठ चाखलं नाही. सगळे म्हणाले, साहेबांना हौस फार!"

हे ऐकून भावजींनी नवीन टूम काढली. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत 'तलवार' तळावरच्या नौसैनिकांनी संप पुकारला, त्यात निकृष्ट जेवणाचीही तक्रार होती. "मग आजोबा उठावात होते असं लिहू!" पण ते तेव्हा कुठं होते, हे बिल्ला सांगत नाही आणि सासूबाईंनाही ठाऊक नाही. एक खोटं काढून दुसरं कशाला लावायचं?

फ्रेम झाली. मजकूर सासूबाईंनी सांगितला, मी लिहिला : "रॉयल इंडियन नेव्ही. स्वयंपाकी." आणि ती लावायची कुठं, हेही त्यांनीच ठरवलं. नव्या फ्लॅटच्या दिवाणखान्यात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी.

मैत्रिणींनो, तुमच्याही माळ्यावर असा एखादा बिल्ला, बटण, पट्टा असेल. भंगारवाल्याच्या तराजूत टाकण्याआधी उलटून मागची बाजू बघा. आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला, ती एकटी असताना, विचारा.