खरेदी विभागातला माणूस साइटवर कसा येतो?

उद्योगाची वेबसाइट : लेखांक ७

मागच्या दोन लेखांत आपण साइटवरची पानं नीट लावून घेतली. आता तिथं माणसं यायला हवीत, आणि तीही नेमकी. कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीची साइट दहा हजार लोकांनी बघितली म्हणून एकही ऑर्डर वाढत नाही. तिला हवे असतात चाकण, नाशिक, राजकोटच्या कंपन्यांतले खरेदी अधिकारी, डिझाइन इंजिनिअर आणि क्वालिटीची माणसं. संख्येनं थोडीच, पण कामाची.

ही माणसं लिंक्डइनवर असतात. मे २००३ मध्ये सुरू झालेलं आणि २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं २६.२ अब्ज डॉलरला घेतलेलं हे व्यासपीठ. इथं नावाशेजारी कंपनी आणि हुद्दा दिसतो, त्यामुळे आपण कोणाशी बोलतोय हे आधीच कळतं. छोट्या कारखान्याला एवढी सोय दुसरीकडे क्वचितच मिळते.

सुरुवात स्वतःच्या खात्यापासून करा. कंपनीचं पान जरूर असावं, पण लोक बोलतात माणसाशी. नावाखालच्या ओळीत २२० अक्षरं लिहिता येतात आणि बहुतेक जण तिथं ‘मॅनेजिंग डायरेक्टर’ एवढंच लिहून मोकळे होतात. त्याऐवजी ‘पंप आणि व्हॉल्व्हसाठी एसजी आयर्न कास्टिंग, ५ ते ८० किलो, मशिनिंगसह, कोल्हापूर’ असं लिहिलं, तर आपलं काम आहे की नाही हे खरेदी अधिकाऱ्याला तिथंच कळतं. प्रोफाइलमध्ये निवडक गोष्टी वर मांडायची जागा असते. तिथं साइटच्या मुखपृष्ठाऐवजी तुमच्या सगळ्यात चांगल्या उत्पादनाचं पान लावा.

मग ओळखी. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं १९७३ मध्येच मांडलं होतं, की नवी माहिती जवळच्या मित्रांपेक्षा लांबच्या ओळखीतून जास्त येते, कारण जवळच्यांना आपल्याला माहीत असतं तेच माहीत असतं. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनच्या दोन कोटींहून अधिक सदस्यांवरच्या प्रयोगांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नोकरी बदलण्यात अगदी घट्ट ओळखींपेक्षा माफक सैल ओळखी जास्त उपयोगी पडतात, असं त्यात दिसलं. तो अभ्यास नोकऱ्यांचा आहे, पण माझ्या मते ऑर्डरच्या बाबतीतही फार वेगळं घडत नसावं. म्हणून पॅटर्न बनवणारा, इन्सर्ट विकणाऱ्या कंपनीचा प्रतिनिधी, इन्स्पेक्शनला येणारा इंजिनिअर, पॉलिटेक्निकचे जुने वर्गमित्र या सगळ्यांना जोडून घ्या. विनंतीसोबत दोन ओळी लिहा : कुठं भेटलो, काय काम करतो. लगेच दरपत्रक पाठवू नका. ते मिळालेल्या माणसाला पुढचं काहीही वाचायची इच्छा उरत नाही.

आता पोस्ट. इथं थोडं थांबू, कारण सगळ्यात जास्त मेहनत वाया जाते ती इथंच. दसऱ्याच्या शुभेच्छा, प्रदर्शनातल्या स्टॉलचा फोटो, नव्या मशिनची पूजा हे घरच्या माणसांना आवडतं. पण खरेदी अधिकाऱ्याला त्यातून साइटवर यायचं काहीच कारण मिळत नाही. समजा, तुम्ही असं लिहिलंत :

‘व्हॉल्व्ह बॉडी बाहेरून स्वच्छ, पण मशिनिंग केल्यावर फ्लँजच्या मुळाशी पोकळी निघते. ही पोकळी बहुतेक वेळा श्रिंकेजची असते. जाड भाग सगळ्यात शेवटी गोठतो, आणि तोवर त्याला धातू पुरवणारी वाट बंद झालेली असते. आम्ही रायझरची जागा बदलतो, गरज पडली तर चिल लावतो. पण भिंतीची जाडी एकदम न बदलता उतरती ठेवली, तर निम्मा प्रश्न ड्रॉइंगवरच सुटतो.’

सोबत कापलेल्या कास्टिंगचा, पोकळी स्पष्ट दिसणारा फोटो. डिझाइन इंजिनिअर हे वाचतो, कारण हे रिजेक्शन त्याच्याही माथी बसलेलं असतं. पहिल्या दोन-तीन ओळींनंतर मजकूर घडी होऊन झाकला जातो, म्हणून दुखणं आधी सांगायचं, कंपनीची ओळख नंतर.

लिंक पोस्टमध्ये द्यावी की खाली कमेंटमध्ये, यावर बराच खल चालतो. माझं मत सरळ आहे. पोस्ट लिंकशिवायही पूर्ण वाटली पाहिजे आणि लिंक उघडपणे दिली पाहिजे. मात्र ती त्याच विषयाच्या पानाची हवी. श्रिंकेजबद्दल वाचून आलेल्या माणसाला व्हॉल्व्ह बॉडीचं पान दिसू द्या : वजनाची मर्यादा, ग्रेड, तपासणीच्या सोयी आणि ड्रॉइंग पाठवायची जागा. त्याला ‘आमच्याविषयी’वर नेऊन सोडलं, तर तो परत फिरतो. अनेक जण ही लिंक मोबाइलवर, लिंक्डइनच्या ॲपमध्येच उघडतात, म्हणून पान हलकं ठेवा.

लिंक टाकण्याआधी एक तपासणी करा. लिंकसोबत जे चित्र आणि शीर्षक दिसतं, ते तुमच्या पानाच्या कोडमधल्या ओपन ग्राफ टॅगमधून येतं. टॅग नसले की कुठलातरी लोगो अर्धवट कापून दिसतो. लिंक्डइनच्या पोस्ट इन्स्पेक्टरमध्ये पत्ता टाकला की ते आधीच बघता येतं, आणि पान सुधारल्यावर जुनं चित्र तिथंच ताजंही करून घेता येतं. पत्त्याच्या शेवटी यूटीएमची खूण जोडा, म्हणजे गूगल ॲनालिटिक्समध्ये कुठल्या पोस्टवरून किती जण आले ते वेगळं दिसेल.

भाषेचं म्हणाल, तर चाकणच्या इंजिनिअरसाठी मराठीत जरूर लिहा. राजकोट-कोइमतूरच्या ग्राहकासाठी इंग्रजी लागेलच.

महिन्याअखेरीस एक साधी वही उघडा. किती लाइक पडल्या ते त्यात नको. पोस्ट कोणती, त्यावरून कुठलं पान उघडलं गेलं, आणि किती ड्रॉइंग आली, एवढे तीन रकाने पुरेत. ज्या पोस्टवरून ड्रॉइंग आलं, त्याच विषयावर पुढच्या महिन्यात आणखी दोनदा लिहा. ड्रॉइंग आल्यावर दर किती दिवसांत आणि कसा कळवायचा, हे पुढच्या लेखात.