प्रथिनाला मेदाची शेपटी

पाचोरा तालुक्यात पिकणाऱ्या कापसाच्या सरकीचे तेल काढतात. त्या तेलातला सुमारे पाव हिस्सा पामिटिक आम्लाचा असतो. १६ कार्बनचे हे मेदाम्ल आपल्या पेशीही तयार करतात आणि त्याचा दाव्यासारखा उपयोग करतात.

पेशीचे आवरण मेदाचे असते. पाण्यात वावरणारे प्रथिन तिथे सहजी टिकत नाही. मेदाची शेपटी जोडली की टिकते. हे जोडकाम विकरे, म्हणजे एन्झाइम, करतात. माणसात पामिटिक आम्ल जोडणारी २३ विकरे ओळखली गेली आहेत. ही गाठ सुटू शकते: दुसरी विकरे ती सोडतात आणि प्रथिन मोकळे होते. १४ कार्बनचे मिरिस्टिक आम्ल जोडणारी विकरे दोनच. ती गाठ मात्र सहसा कायमची.

तिसरी शेपटी १५ कार्बनच्या फार्नेसिल गटाची. प्रोजेरिया या अकाली वार्धक्याच्या दुर्मीळ आजारात एका सदोष प्रथिनाची ही शेपटी सुटतच नाही आणि पेशीकेंद्राचा आकार बिघडतो. फार्नेसिल जोडणाऱ्या विकराला रोखणारे लोनाफार्निब हे औषध अमेरिकेत २०२० मध्ये मंजूर झाले. त्याने आजार बरा होत नाही. मुलांचे आयुष्य मात्र लांबते.