लकवा: आधी घड्याळ बघा, लगेच १०८ लावा



आज पिकाचा नाही, घरातल्या माणसांचा सल्ला. २९ ऑक्टोबर हा जागतिक पक्षाघात दिन. पक्षाघात म्हणजे आपला लकवा. सध्या कापूस वेचणी चालू आहे. वावरात कोणाला काही झालं की "ऊन लागलं असेल" म्हणून झाडाखाली झोपवतात. तिथेच वेळ जातो.

*अचानक दिसणारी लक्षणं*
१) चेहरा: हसायला सांगा. तोंड एका बाजूला वाकडं होतं का?
२) हात: दोन्ही हात समोर उचलायला सांगा. एक खाली येतो का?
३) बोलणं: "आज किती कापूस वेचला?" विचारा. जीभ जड होते, भलतंच बोलतात का?
अचानक दिसेनासं होणं, तोल जाणं, कधी नव्हे इतकं डोकं दुखणं हीपण लक्षणं आहेत. *एक जरी दिसलं तरी १०८ लावा.*

*घाई कशाला?*
बहुतेक वेळा मेंदूच्या नसेत रक्ताची गाठ अडकते. ती विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, तेही सिटी स्कॅन करून. कारण काहींना गाठ नसून नस फुटलेली असते आणि बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. चोपड्याहून जळगाव किंवा शिरपूरहून धुळे, रस्त्यातच तास-सव्वा तास जातो. म्हणून सिटी स्कॅन आणि हे इंजेक्शन कुठे मिळतं ते आजच विचारून ठेवा.

*हे करा*
✅ माणूस शेवटचा चांगला कधी होता ती वेळ लिहून ठेवा. डॉक्टर पहिलं तेच विचारतात.
✅ कुशीवर झोपवा. चालू गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या.
✅ फवारणी केली असेल तर औषधाची बाटलीही न्या. विषबाधेत घाम, लाळ, उलटी जास्त असते. लकव्यात बहुधा एकच बाजू लुळी पडते. दवाखाना दोन्हीत लागतोच.

*हे करू नका*
❌ पाणी, चहा, गोळी देऊ नका. घास श्वासनलिकेत जाऊ शकतो.
❌ तेल चोळणं, कबुतराचं रक्त लावणं यात वेळ घालवू नका.
❌ दहा मिनिटांत बरं वाटलं म्हणून घरी थांबू नका. तो मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो. त्याच दिवशी दाखवा.

बीपी, शुगर तपासत राहा. बरं वाटतंय म्हणून बीपीची गोळी मनाने बंद करू नका. बिडी-तंबाखू सोडा.

हा मेसेज घरात सगळ्यांना वाचून दाखवा, पोरांनाही. लकवा झालेला माणूस स्वतः फोन लावू शकेलच असं नाही.

– कृषी सल्लागार, आपली शेतकरी उत्पादक कंपनी