बोलणी फिसकटली की ‘नो सिग्नल’

जूनचा पहिला आठवडा. बीड जिल्ह्यात केज किंवा धारूरकडच्या एखाद्या गावात दुपार कलताना आभाळ भरून येतं, वावटळ सुटते, पत्रे वाजतात आणि लाइट जाते. तासा-दोन तासांनी ती परत येते. पंखा फिरू लागतो, टीव्हीच्या कडेचा लाल दिवा लागतो, सेट टॉप बॉक्सचा हिरवाही लागतो. पडद्यावर मात्र दोनच शब्द इकडून तिकडे तरंगत असतात: ‘नो सिग्नल’. मग घरातलं एखादं पोरगं जिन्यानं गच्चीवर जातं आणि डिशची छत्री हलवायला लागतं. खालून आवाज जातो, ‘नाही आलं अजून, जरा डावीकडं घे.’ चित्र काही येत नाही. मघापर्यंत नीट बसलेली छत्री तेवढी जागेवरून सरकते आणि एका बिघाडाचे दोन होतात.

ही सवय जुनी आहे आणि एकेकाळी ती बरोबरही होती. अंबाजोगाईच्या दूरदर्शन केंद्राच्या मनोऱ्यावरून चित्र यायचं, तेव्हा घरावरचा ॲल्युमिनियमचा ॲन्टेना फिरवला की फरक पडायचा. लहरी कमी पडल्या की पडद्यावर मुंग्या यायच्या, पण त्या मुंग्यांतूनही बातम्या देणाऱ्याचा चेहरा ओळखू यायचा. ॲनालॉग चित्र हळूहळू बिघडतं आणि हळूहळू सुधारतं, म्हणून ‘अजून थोडं फिरव’ याला अर्थ होता. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शननं मोफत डिशची सेवा सुरू केली, पुढे केबलही डिजिटल झाली आणि २०२२ पर्यंत प्रसार भारतीनं देशभरातली जवळजवळ सगळी ॲनालॉग प्रक्षेपणं थांबवली. मुंग्या गेल्या. त्यांच्याबरोबर बिघाडाचा अंदाज घेण्याची जुनी खूणही गेली.

नवी खूण शिकून घ्यायला हवी आणि ती सोपी आहे. पडद्यावर पाटी दिसली की आधी बघायचं, ही पाटी लिहिली कुणी? बॉक्सनं की टीव्हीनं? बॉक्सच्या रिमोटवरचं मेन्यूचं बटण दाबावं. मेन्यू उघडला, किंवा पाटीवर डिश कंपनीचं चिन्ह दिसलं, तर बॉक्सचं म्हणणं टीव्हीपर्यंत पोचतंय. म्हणजे बॉक्स आणि टीव्हीमधली वायर ठीक आहे आणि शोध छत्रीकडे किंवा रिचार्जकडे न्यायचा. मेन्यू उघडला नाही आणि ‘नो सिग्नल’ टीव्हीच्याच अक्षरांत असेल, तर गच्चीवर जायचं काही कारण नाही. दोष त्या दीड मीटरच्या एचडीएमआय केबलमध्ये किंवा तिच्या दोन टोकांत आहे. त्यातही आधी टीव्हीच्या रिमोटवरचं ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ बटण दाबून बघावं. लाइट गेल्यावर काही टीव्ही आपोआप दुसऱ्याच पोर्टवर उठतात. केबल दोन नंबरमध्ये असते आणि टीव्ही एक नंबरकडे बघत बसलेला असतो.

सोर्स बरोबर असूनही चित्र नसेल, तर मात्र केबलच्या आत काय चालतं ते कळून घ्यावं लागतं.

वायर म्हणजे पाइप, इकडून ओतलं की तिकडून आलं, असं आपण धरून चालतो. पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या जुन्या वायरीला ते लागू होतं. एचडीएमआयचं तसं नाही. हिताची, मात्सुशिता म्हणजे आजची पॅनासॉनिक, फिलिप्स, सिलिकॉन इमेज, सोनी, थॉमसन आणि तोशिबा या सात कंपन्यांनी मिळून डिसेंबर २००२ मध्ये या जोडणीची पहिली आवृत्ती जाहीर केली. तिच्या तोंडात १९ पिना आहेत. चित्राचा एक ठिपकाही सुटण्याआधी या पिनांवरून दोन्ही टोकांची बोलणी होतात, अगदी लग्नाच्या बैठकीत होतात तशी, क्रमानं. एक मुद्दा अडला की पुढचा निघत नाही.

पहिलं पाऊल बॉक्स टाकतो. १८ नंबरच्या पिनेवरून तो टीव्हीकडे ५ व्होल्ट पाठवतो. टीव्ही तेच ५ व्होल्ट एका रोधातून १९ नंबरच्या पिनेवर परत दाखवतो. तंत्रज्ञ याला ‘हॉट प्लग’ म्हणतात. टीव्हीच्या बाजूनं ही ‘मी इथे आहे’ अशी ओ असते. ओ आली की बॉक्स १५ आणि १६ नंबरच्या पिनांवरून टीव्हीचा बायोडाटा मागतो. हा बायोडाटा, म्हणजे ‘ईडीआयडी’, टीव्हीतल्या एका बारक्या मेमरी चिपमध्ये लिहिलेला असतो. त्याचं पहिलं पान फक्त १२८ बाइटचं. त्यात कंपनीची ओळख तीन अक्षरांत असते, पडद्याची रुंदी-उंची सेंटिमीटरमध्ये असते आणि हा पडदा किती ठिपक्यांचं चित्र सेकंदाला किती वेळा दाखवू शकतो, ते असतं. ध्वनीबद्दलची माहिती पुढच्या पानावर. विशेष म्हणजे ही चिप बॉक्सकडून आलेल्या त्या ५ व्होल्टवरही चालू शकते. त्यामुळे टीव्हीचा प्लग काढून ठेवला, तरी बहुतेक वेळा त्याचा बायोडाटा वाचता येतो.

तिसरा मुद्दा विश्वासाचा. चित्रपट, सामने यांची नक्कल होऊ नये म्हणून इंटेलनं ‘एचडीसीपी’ नावाची कुलपाची पद्धत तयार केली. तिच्या मूळ रूपात प्रत्येक उपकरणाजवळ ४० गुप्त किल्ल्या असतात आणि ओळख म्हणून ४० बिटांचा एक क्रमांक. या क्रमांकात बरोबर २० शून्य आणि २० एक असावेच लागतात, नाहीतर तो खोटा ठरतो. दोन्ही उपकरणं एकमेकांचा क्रमांक वापरून, किल्ली उघड न करता, आपापल्या जागी सारखंच उत्तर काढतात. उत्तर जुळलं तरच चित्र सुटतं. एवढ्यावर भागत नाही. पुढेही साधारण दर दोन सेकंदांनी ही पडताळणी चालूच राहते. चांगलं चाललेलं चित्र मध्येच क्षणभर काळं होऊन परत येत असेल, तर बहुधा यातली एखादी पडताळणी चुकलेली असते आणि चुकण्याचं कारण पुष्कळदा ढिली बसलेली पिन असतं.

आता लाइट आल्यानंतरचा तो प्रसंग परत बघावा. टीव्ही आणि बॉक्स एकाच क्षणी जागे होतात. टीव्हीचा मुख्य बोर्ड सावरायला काही सेकंद घेतो. तेवढ्यात बॉक्सनं हाक मारलेली असते आणि त्याला अर्धवट उत्तर मिळालेलं असतं. काही बॉक्स पुन्हा विचारतात, काही तिथेच अडून बसतात. रिमोटनं बंद-चालू करून हे सुटत नाही, कारण रिमोटनं उपकरण झोपतं, पूर्ण बंद होत नाही. दोन्हींचे खटके भिंतीवरून बंद करावेत आणि अर्धा मिनिट थांबावं. तेवढा वेळ लागतो, कारण आतल्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज चिपांना आणखी काही सेकंद जागं ठेवते. मग आधी टीव्ही लावावा, सोर्स निवडावा आणि त्यानंतर बॉक्स. बोलणी पहिल्यापासून सुरू होतात आणि बऱ्याचदा जुळतात.

आणखी एक बिघाड नेहमीचा आहे. मुलांच्या हातून रिमोटचं बटण दाबलं जातं, बॉक्सवर टीव्हीला न झेपणारं रिझोल्युशन बसतं आणि पडदा काळा होतो. मेन्यू दिसत नाही, म्हणून सेटिंगही बदलता येत नाही. अशा वेळी जुनी तीन रंगांची वायर कामाला येते. बॉक्सला तशी पिन असेल तर ती टीव्हीला जोडावी, तिच्यावर मेन्यू उघडून ७२० करावं आणि पुन्हा एचडीएमआयवर यावं. ती वायर कुणी फेकून देऊ नये.

बोलणी जुळली की जे सुरू होतं, त्याचा वेग थक्क करणारा आहे. फुल एचडीच्या एका चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके दिसतात. प्रत्यक्षात केबलमधून २२०० गुणिले ११२५ ठिपक्यांएवढा मजकूर जातो आणि तोही सेकंदाला ६० वेळा. लाल, हिरवा, निळा यांच्या तारांच्या तीन वेगळ्या जोड्यांवरून मिळून सेकंदाला सुमारे साडेचार अब्ज बिट धावतात. न दिसणारे हे जादा ठिपके कशासाठी? जुन्या डबा टीव्हीत इलेक्ट्रॉनचा झोत एक ओळ रंगवून झाली की पुढच्या ओळीच्या सुरुवातीला परत यायचा आणि त्या परतीसाठी मोकळा वेळ सोडावा लागायचा. सपाट पडद्यात झोत उरला नाही, मोकळा वेळ राहिला. एचडीएमआय करणाऱ्यांनी त्या मोकळ्या जागेत आवाज बसवला. आज टीव्हीवर ऐकू येणारं कीर्तन झोताच्या त्या परतीच्या वाटेनं येतं.

प्रत्येक रंगासाठी दोन तारा असतात आणि दोन्हींवर एकच मजकूर उलटसुलट जातो. बाहेरचा खरखराट दोन्हींवर सारखाच बसतो, म्हणून टीव्हीनं त्यांची वजाबाकी केली की तो गळून पडतो. ही युक्ती हाताशी असल्यामुळे साधी, धड केबलही हे काम बिनचूक करते. चित्र अंकांत जातं. अंक पोचले तर जसेच्या तसे पोचतात. सोन्याच्या मुलाम्याची महाग केबल घेतली म्हणून रंग उजळत नाहीत, असं ग्राहकाला दुकानात स्पष्ट सांगायला हवं. केबल कमी पडते तेव्हा वेगळीच लक्षणं दिसतात: पडद्यावर चमकणारे पांढरे ठिपके, क्षणभर अंधार, नाहीतर सरळ ‘नो सिग्नल’. मुंग्यांसारखी मधली अवस्था इथे जवळजवळ नाहीच.

लांबीचा प्रश्न शाळांत जास्त येतो. गेल्या दशकात राज्यभर जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत लोकवर्गणीतून टीव्ही आणि प्रोजेक्टर आले. लॅपटॉप टेबलावर, प्रोजेक्टर छताला आणि मधे दहा-पंधरा मीटर केबल. तांब्याच्या केबलमध्ये लांबीबरोबर संदेश क्षीण होत जातो. फुल एचडी दहा मीटरपर्यंत बहुधा निभतं, फोर-के पाच मीटरच्या पुढे अवघड होतं. त्यापुढे प्रकाशतंतूची केबल लागते. ती एकाच दिशेनं चालते. तिच्या एका टोकावर ‘सोर्स’ आणि दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ छापलेलं असतं. भिंतीतल्या पाइपमधून उलटी ओढली, तर सगळं काम परत करावं लागतं. चित्र न येणं हा मुलांसाठी किरकोळ मामला नाही. करोनाकाळात शाळा बंद असताना २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका सुरू झाली, तेव्हा पहिली ते आठवीच्या अनेक मुलांची शाळाच टीव्हीत आली होती. तालुक्याहून मेकॅनिक येईपर्यंतचे चार दिवस त्या मुलांच्या हिशेबात मोठे होते.

अलीकडे जुना टीव्ही स्मार्ट करणाऱ्या स्टिक आल्या आहेत. त्यांची तक्रार ठरलेली: कंपनीचं चिन्ह येतं, जातं, परत येतं, पुढे काही सरकत नाही. एचडीएमआय पोर्टमधून स्टिकला वीज मिळत नाही. तिथले ५ व्होल्ट स्टिककडून टीव्हीकडे जातात आणि तेही जेमतेम ५५ मिलिॲम्पियरच्या हमीचे. म्हणून स्टिकला वेगळी वायर लागते. ती टीव्हीच्या साध्या यूएसबी पोर्टला लावली, तर तिथून ठरलेली वीज अर्धा ॲम्पियर आणि अनेक स्टिकची गरज एक ॲम्पियरची. सोबत आलेला चार्जर भिंतीवर लावला की हा दोष जातो.

एचडीएमआयच्या त्या थक्क करणाऱ्या वेगाच्या अगदी उलट टोकाला १३ नंबरची पिन आहे. शेजारी अब्जावधी बिट धावत असताना तिच्यावरून सेकंदाला फक्त चारशेच्या आसपास बिट जातात. टीव्हीच्या रिमोटनं स्टिक किंवा साउंडबार चालतो, तो तिच्यामुळे. एक बंद केल्यावर दुसरं आपोआप बंद होत असेल, तर तो भुताटकीचा प्रकार नसतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘सीईसी’, ‘एनीनेट प्लस’, ‘सिम्पलिंक’ किंवा ‘ब्राव्हिया सिंक’ या नावानं ती सोय असते. ती बंद करता येते.

शेवटी विजेकडे यावंच लागतं. बॉक्सच्या धातूच्या अंगाला हात लागला की झिणझिण्या येतात, हा अनुभव पुष्कळांना आहे. दोन पिनांच्या पॉवर सप्लायमधल्या फिल्टर कपॅसिटरमुळे ते अंग घरच्या २३० व्होल्टच्या साधारण निम्म्यावर तरंगत असतं. प्रवाह अगदी थोडा, म्हणून माणसाला सहसा इजा होत नाही. पण एचडीएमआयमागची चिप ३.३ व्होल्टवर चालणारी. तरंगतं अंग आणि छत्रीच्या खांबातून जमिनीला टेकलेली वायर यांची गाठ त्या पोर्टमध्ये पडली, तर चिपला सोसत नाही. बालाघाटच्या मुरमाड माथ्यावर उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते आणि अर्थिंगचा खड्डा असून नसल्यासारखा होतो. त्यामुळे एचडीएमआय पिन काढताना-घालताना दोन्हींचे प्लग आधी भिंतीतून उपसून ठेवावेत.

जवळपास वीज पडली, तर धक्का नेहमी मीटरच्या बाजूनंच येतो असं नाही. छत्रीपासून खाली आलेल्या लांब वायरीत तो उमटतो, बॉक्समध्ये शिरतो आणि एचडीएमआयमधून टीव्हीत उतरतो. स्टॅबिलायझर मीटरच्या बाजूला असतो. या वाटेवर त्याचा उपयोग नाही. म्हणून वळवाचं आभाळ लांबवर दिसू लागलं, तेव्हाच प्लग काढून बॉक्सच्या मागची छत्रीची गोल पिन फिरवून सुटी करावी. गडगडाट डोक्यावर आल्यावर मात्र तिला हात लावू नये. पाऊस ओसरून एक नंबरचं पोर्ट मेलेलं निघालं, तर टीव्ही भंगारात काढण्याआधी केबल दोन नंबरला लावून बघावी, मग तीन नंबरला, मग ती जुनी तीन रंगांची वायर. पुष्कळदा पडदा शाबूत असतो. जळालेली असते ती पोर्टमागची नखाएवढी चिप.