दूरच्या यंत्राची विचारपूस

चंद्रपूर जिल्ह्यात तेलंगणाच्या सीमेलगत माणिकगडाच्या डोंगरांत जिवती तालुका वसला आहे. गडचांदूरहून तेथे जाण्यास घाट चढावा लागतो. पावसाळ्यात ही वाट अधिकच बिकट होते. संदेशांची वाट मात्र निराळी आहे. २०११ मध्ये केंद्र सरकारने देशातील ग्रामपंचायती प्रकाशतंतूंनी जोडण्याची योजना मंजूर केली. तीच पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

अशा जाळ्यांत राउटर नावाचे यंत्र टपालकचेरीतील कारकुनासारखे काम करते. संदेशांचे लहान लहान तुकडे त्याच्याकडे येतात. प्रत्येकावरील पत्ता वाचून ते त्यास योग्य वाटेला लावते. कारकुनाला टपाल मांडण्यासाठी मेज लागते, तशीच राउटरलाही जागा लागते. या जागेस स्मृती अथवा ‘मेमरी’ असे म्हणतात.

समजा, जिवतीतील एखाद्या कार्यालयाच्या राउटरवर नवी आज्ञावली, म्हणजे यंत्राने कसे वागावे हे सांगणारा आज्ञांचा संच, चढवावयाची आहे. तिच्या मानाने यंत्राची स्मृती अपुरी पडली, तर राउटर नीट सुरूच होणार नाही. मग लोकांची दाखल्यांची कामे खोळंबतील. इतकेच नव्हे, तर ज्या वाटेने दुरून दुरुस्ती करता आली असती, ती वाटही बंद होईल! कोणास तरी घाट चढून जावे लागेल. म्हणून जाणता तंत्रज्ञ आधी यंत्राची विचारपूस करतो.

तो चंद्रपुरात बसून आपल्या संगणकावरून राउटरशी संबंध जोडतो. पूर्वी यासाठी ‘टेलनेट’ ही पद्धत वापरीत. तीत परवलीचा शब्द उघड्या पोस्टकार्डावरील मजकुराप्रमाणे जाई. १९९५ मध्ये फिनलंडमधील टाटू यलोनेन यांनी ‘एसएसएच’ ही पद्धत तयार केली. तीत सारा मजकूर गूढलिपीत जातो.

सिस्को कंपनीच्या राउटरला ‘शो व्हर्जन’ अशी आज्ञा दिली, की ते आपली माहिती सांगते. तिच्या अनेक जुन्या राउटरांच्या उत्तरात स्मृतीचे दोन आकडे येतात, उदाहरणार्थ, ‘२४९८५६के/१२२८८के’. येथे घाई करणारा फसतो. दुसरा आकडा शिल्लक जागेचा आहे, असे त्यास वाटते. वस्तुतः पहिला भाग यंत्राच्या मुख्य कामासाठी, तर दुसरा ये-जा करणाऱ्या तुकड्यांसाठी राखलेला असतो. दोहोंची बेरीज २,६२,१४४ किलोबाइट होते. १,०२४ किलोबाइटांचा एक मेगाबाइट होतो. म्हणून बेरजेस १,०२४ ने भागले, की यंत्रात बसविलेली स्मृती २५६ मेगाबाइट आहे, हे कळते. आज्ञावलीस याहून अधिक जागा लागत असेल, तर ती न पाठविणेच शहाणपणाचे.

हीच रीत अंतराळातही उपयोगी पडली. १९७७ मध्ये सोडलेले व्हॉयेजर-१ हे यान नोव्हेंबर २०२३ मध्ये अर्थशून्य संदेश धाडू लागले. ते तेव्हा सुमारे २,४०० कोटी किलोमीटर दूर होते. मार्च २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच्या एका संगणकाच्या स्मृतीतील मजकूर मागवून तपासला. तिचा सुमारे ३ टक्के भाग बिघडला होता. तेथील आज्ञा त्यांनी दुसऱ्या जागी हलविल्या आणि एप्रिलमध्ये यान पुन्हा नीट बोलू लागले.

यंत्र डोंगरावर असो वा आकाशात, त्याच्यापाशी हात पोहोचत नाही तेथे योग्य प्रश्न पोहोचतो. मात्र उत्तर नीट वाचता आले पाहिजे, आणि ते वाचल्यावाचून पुढचे पाऊल टाकता कामा नये.